झाकणावरची लाख
काल बाजारात बांगडीवाल्याने लाख तापवली आणि त्या वासासरशी सावली गावचा रस्ता आठवला. छप्पन-सत्तावन साल असेल. मी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसले होते. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान, पलीकडे सागाचं जंगल. इंजिन थोडा वेळ नीट चाले, मग गचके देऊन बंद पडे. नवरा टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाही, झाकण लावी, की गाडी पुन्हा सुरू. तेवढ्यात सायकलवर मागून येणारा माझा धाकटा भाऊ आम्हाला गाठायचा. आदल्या आठवड्यात ते इंजिन त्यानेच साफ केलं होतं. “भाऊजी, माह्या सायकलवर बसता का?” तो हसला. “तूच वाटोळं केलं इंजिनाचं!” नवरा ओरडला. भावाने झाकण हातात घेऊन निरखलं. “उघडलं का चालते, लावलं का मरते. हवेचं छिद्र बुजलं आहे जी, पेट्रोल खाली उतरत नाही. लाख कोनं भरली यात?” आमच्याकडे गळकी घागर, विळ्याची सैल मूठ, सगळं लाखेनेच बसवतात; टाकीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून नवऱ्यानेच ते छिद्र बुजवलं होतं. त्याने झाकण हिसकावलं, चाकूने लाख खरवडली आणि म्हणाला, “आता माह्या दारी पाय ठेवू नको.” घरापर्यंत गाडी एकदाही अडली नाही. पुढे भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट मांडलं, तेव्हा नवऱ्याने दाराला आतून कडी घातली आणि तिथेच पाट टाकून बसला. बाहेर सायकलची घंटी वाजली, थोड्या वेळाने पुन्हा वाजली, मग रस्त्याने दूर गेली. भाऊ गेल्या महिन्यात वारला. बांगड्या न भरताच मी घरी परतले.