दोन फायली

डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात बोट ठेवलं. "इथं ट्यूमर आहे. बायोप्सीत कॅन्सरच निघालाय." तुमच्या आजोबांनी चष्मा पुसला, फिल्मकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि विचारलं, "मग पुढं काय करायचं?"

सई, निहार, फोनवर तुम्हाला सगळं बरं आहे एवढंच सांगत आले. फोनवर मला नीट सांगता येत नाही. लिहिलेलं बरं. तुमच्याखेरीज कुणाच्या घरी असा आजार आला, तर त्यांनाही उपयोग होईल.

शस्त्रक्रिया करता येणार नव्हती. सहा आठवडे रेडिएशन, म्हणजे बाहेरून किरणांचा मारा, आणि त्याच्या जोडीला केमो. रुग्णालय नव्या मुंबईत. कर्जतहून रोज जाऊन येऊन अर्धा दिवस मोडायचा. गाडी कुंभिवलीचा जगन चालवायचा. पन्नाशीचा, बोलका माणूस.

मी शाळेत ग्रंथपाल होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक विषयाचं कपाट वेगळं. घरीही तसंच. बारा वर्षांपूर्वी आजोबांच्या हृदयात स्टेंट बसवला, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून जाळीची बारीक नळी घातली. त्याचे कागद निळ्या फायलीत. फुप्फुसासाठी मी नवी हिरवी फाइल केली. रुग्णालयात फक्त हिरवी नेली. विषय वेगळा, म्हणून फाइल वेगळी.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, आणखी काही आजार? आजोबा म्हणाले, थोडं ब्लडप्रेशर आहे. स्टेंटचं त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ते दुरुस्त होऊन संपलेलं काम होतं. त्यांच्या कारखान्यात पंप दुरुस्त झाला की त्याची नोंद बंद व्हायची, तसं. मी शेजारीच बसले होते. मीही बोलले नाही.

मग प्लॅनिंगचा सीटी झाला. किरण नेमके कुठून सोडायचे हे ठरवण्यासाठी काढलेलं चित्र. दुसऱ्या दिवशी रेडिएशनच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून घेतलं. तुमच्या आईपेक्षाही लहान असतील त्या.

"आजी, यांच्या हृदयात स्टेंट दिसतोय. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना?"

चालू नव्हती. बायोप्सी दुसरीकडे झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी ती गोळी पाच दिवस बंद ठेवायला सांगितली होती, आणि नंतर लगेच सुरू करायला. ती चिठ्ठी हृदयाच्या गोळीची, म्हणून मी निळ्या फायलीत लावली. निळी फाइल कपाटात. तीन आठवडे आजोबा त्या गोळीवाचून होते.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर छातीचं चित्र काढलं. गाठ डावीकडे, खाली. हृदय तिला लागूनच. किरण गाठीवर सोडले तरी थोडे हृदयावर पडतातच. त्याचा त्रास लगेच दिसेल असं नाही. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो. ज्याचं हृदय आधीच दुखावलेलं आहे, त्याला धोका जास्त. "कॅन्सर बरा करायचा आणि हृदय घालवायचं, असं नको," त्या म्हणाल्या. "योजना पुन्हा करू. आठवडा जाईल, पण जाऊ दे."

तो आठवडा फार लांबला. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी सुरू केली. इसीजी झाला. इको झाला, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पंप किती जोरात चालतो ते त्यात कळतं. प्रत्येक दाराबाहेर तीच स्टीलची बाकं. मी तिथं बसून एकच हिशेब करत होते: माझ्या टापटिपीपायी गाठीला आणखी एक आठवडा मिळाला.

नव्या योजनेत आजोबांचा श्वासही लागणार होता. खोल श्वास घेऊन धरला की फुप्फुस फुगतं आणि हृदय किरणांच्या वाटेतून थोडं बाजूला सरकतं. किरण तेवढ्याच वेळात सोडतात. हे सगळ्यांना साधत नाही, जमलं तर हृदयाचा वाटा कमी होईल, असं त्यांनी सांगितलं. वीस सेकंद धरायचा होता. पहिल्या दिवशी आजोबांना नऊ सेकंदांत खोकला आला.

घड्याळाकडे पाहिलं की ते घाबरायचे. म्हणून मी पाढा म्हणू लागले. तेराचा पाढा सावकाश म्हटला की वीस सेकंद भरतात. मी म्हणायचे, ते श्वास धरून बोटांवर मोजायचे. तेरा साता एक्क्याण्णवला यायचे आणि श्वास सुटायचा. सकाळी ओसरीवर, दुपारी गाडीत.

जगनला ते पाठ झालं. एकदा माझा घसा बसला होता, तर म्हणाला, "आज मी बोलतो, काकू. तुमी गप बसा." आणि सुरू झाला. तेरा आठा शंभर म्हणाला, तसे आजोबा फसकन हसले.

"जगन, वरचे चार कुठं गेले रे?"

"ते मागं टोलनाक्यावर उतरले, काका. तुमी श्वास धरा."

महिन्याभरात मी आजोबांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

आठवडा संपता संपता ते तेरा दाहेपर्यंत पोचले. मग तीस वेळा ते त्या मशीनखाली झोपले. आत दुसरं कुणी थांबत नाही. स्पीकरवरून आवाज यायचा, श्वास घ्या, धरा. मी बाहेरच्या बाकावर मनात पाढा म्हणायचे. ते आत तोच म्हणत असणार.

तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना घसा जळायला लागला. पेज आणि ताक, एवढंच जायचं. वजन उतरलं. दर आठवड्याला डॉक्टर ब्लडप्रेशर पाहायचे, पायांना सूज आहे का विचारायचे, धाप लागली तर लगेच सांगा म्हणायचे. मी घरून सगळं लिहून नेत होते. थकले होते, पण लिहीत होते.

उपचार संपून आता चार महिने झाले. गाठ आक्रसली आहे. गेली, असं कुणी म्हणत नाही. इको पहिल्यासारखाच आला. आजोबा फाटकापर्यंत चालतात आणि मग बसतात. मीही बसते. त्या डॉक्टरांनी सीटीतला स्टेंटचा तो पांढरा ठिपका पाहून सोडून दिला असता तर, हा विचार अजून येतो. त्यांचे आभार मी मानले, ते अपुरेच होते.

निळी आणि हिरवी फाइल मोडून मी एकच जाड फाइल केली. तुम्ही तिकडे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, दाढ दुखते म्हणून का होईना, तरी घरातलं सगळं सांगा. आजोबांचं हृदय हा तुमच्याही माहितीचा भाग आहे.

परवा तपासणीला गेलो तर नवे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, आणखी काही आजार? मी फाइल उघडायला घेतली, पण आजोबांनी तिच्यावर हात ठेवला.

"लिहून घ्या," ते म्हणाले, आणि हृदयापासून सुरुवात केली.