पत्र्याच्या पेटीतल्या लग्नपत्रिका

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या लग्नसराईत वाशीम जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, एक सहायक शिक्षिका आणि जीपभर वऱ्हाडी मंडळी एका भलत्याच लग्नात जाऊन जेवली. मठ्ठा दोनदा मागून घेतला. सदर प्रकरणाची कोणतीही चौकशी झालेली नाही. ती सहायक शिक्षिका मीच असल्यामुळे होऊही नये.

पण प्रकरणाच्या आधी माणूस सांगायला हवा.

आमचे गुरुजी समोर आले की त्यांचा उजवा हात आधी खिशात जायचा. नमस्कार नंतर. खिशातून काहीतरी छापलेलं निघायचं: बिस्किटाच्या पुड्याचा कागद, एसटीचं तिकीट, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीचा कोपरा. ते तुमच्या नाकासमोर धरून ते म्हणायचे, "वाच बरं."

मी या शाळेत रुजू व्हायला गेले, तेव्हा बदलीची ऑर्डर मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मलाच परत केली. "वाचा बरं, बाई."

मी इकडे तिकडे पाहिलं. व्हरांड्यात सगळी शाळा जेवायला बसली होती. शेवटी खिचडी खाणाऱ्या त्या श्रोत्यांसमोर मी स्वतःची ऑर्डर 'संदर्भ'पासून 'प्रत माहितीस्तव सादर'पर्यंत मोठ्याने वाचली. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते.

"चांगलं वाचता," ते म्हणाले. "जा, बसा तिसरीत."

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा होतीच, पण तिसरीचा वर्गही खरंच माझ्याकडे आला.

त्या तिसरीला एक उंबरठा होता. म्हणजे सगळ्याच वर्गांना होता, पण तिसरीचा वेगळा. शाळेच्या पहिल्या दिवशी दुसरीतून वर आलेली पोरं त्या उंबऱ्याबाहेर रांगेत उभी राहायची. गुरुजी एक पत्र्याची पेटी आणून मध्ये ठेवायचे. पेटीत लग्नपत्रिका. गावातली, शेजारगावची, वीस-पंचवीस वर्षांची सगळी लग्नं त्या पेटीत सुखाने नांदत होती. पोरानं डोळे मिटून एक पत्रिका ओढायची, वाचायची आणि उडी मारून आत यायचं.

"पुस्तकच का नको, गुरुजी?" मी विचारलं होतं.

"पुस्तक पोट्टे पाठ करून टाकतात, बाई. वाचून राह्यले का म्हनून राह्यले, समजत नाही. पत्रिकेत जोडाक्षरायचा बाजार भरते. शुभविवाह, उभयतां, निमंत्रक, मुहूर्त. जे लेकरू पत्रिका वाचते, त्याले जगात कोनी फसवत नाही."

आता तुम्ही म्हणाल, नियमाप्रमाणे तर सगळ्यांनाच वरच्या वर्गात घालायचं असतं. घातलेलंच असायचं. हजेरीपटावर झाडून सगळे तिसरीत. फक्त ज्याला वाचता आलं नाही, त्याची बसकर पट्टी बरोबर उंबऱ्यावर पडायची. अर्धं पोर वर्गात, अर्धं व्हरांड्यात. आणि त्याच्या शेजारी, त्याच पट्टीवर, मांडी घालून खुद्द मुख्याध्यापक. त्यामुळे उंबऱ्यावर बसण्यात कोणाला लाज वाटत नसे. उलट एक-दोन लबाड पोरं तिथली जागा मिळावी म्हणून मुद्दाम अडखळायची. पोळ्यापर्यंत उंबरा रिकामा झालेला असायचा.

एकदा केंद्रप्रमुख आले. दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. उंबऱ्यात बसलेले मुख्याध्यापक पाहून म्हणाले, "ही पद्धत कोणत्या परिपत्रकात आहे?"

गुरुजींनी उठून पेटीतली एक पत्रिका त्यांना दिली. "वाचा बरं, साहेब."

साहेब झोकात निघाले आणि 'आप्तेष्टांसह' या शब्दावर आपटले. गुरुजी पुढे वाकून हळूच म्हणाले, "बोट ठेवा, साहेब. अटकलं त बोट ठेवाचं. बोट ठेवलं का गाडी पुढं जाते."

साहेबांनी खरंच बोट ठेवलं. गाडी गेली पुढे. परिपत्रकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग पाचवीचा नियम आला. वार्षिक परीक्षेत जमलं नाही तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तिथेही नाही जमलं तर पुन्हा पाचवीतच. आमच्या शिक्षक-बैठकीत (मी, गुरुजी आणि एक रजेवर असलेले सर) यावर गंभीर चर्चा झाली. गुरुजींनी टेबलाच्या खणातून दोन रबरी शिक्के काढून समोर ठेवले.

"हा पासचा. हा नापासचा. दोनी आपल्याच टेबलावर. वाचता येन्याचा शिक्का कोठी भेटते, सांगा."

आणि त्याच वर्षी दुर्गा आली.

दुर्गा म्हणजे नारायणभाऊची मुलगी. नारायणभाऊ शाळेच्या गावातून रिसोडला जीप चालवायचा. मी रोज रिसोडहून त्याच्याच जीपने शाळेत यायचे. दुर्गा चौथीपर्यंत मामाच्या गावी शिकली आणि पाचवीला इथे दाखल झाली. प्रगतिपत्रकावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'वाचन उत्तम.' गुरुजींनी तिच्यापुढे चहाच्या पुडीचा कागद धरला. दुर्गाने त्याच्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात चौथीची कविता म्हणून दाखवली. चालीसकट.

अक्षरं ओळखत होती, पण दुसरं अक्षर येईपर्यंत पहिलं हातातून निसटायचं. वर्षभर गुरुजी तिला घेऊन बसले. थोडी हलली, पण वार्षिक परीक्षेत जे व्हायचं ते झालं.

निकालाच्या दिवशी नारायणभाऊ हातात किल्ली फिरवत आला. "गुरुजी, फेरपरीक्षा कायले? आता घरीच राहू द्या. तिची माय वावरात जाते, लहान्याले पाहाले कोनी नाही."

"शाळा काहून सोडवतं रे?"

"पाचवीतच पुन्हा बसवसान त पोरी हसतीन तिले. मी चौथी पास हाओ, माझं काय अडलं? फेरपरीक्षेत पास झाली त पाठवतो. नाही त राहिलं."

गुरुजी जूनअखेर निवृत्त होणार होते. दोन महिने उरले होते आणि शाळेला सुट्टी लागली होती. मी म्हटलं, "आता कसं, गुरुजी?"

"कसं म्हंजे? लग्नसराई हाय ना!" ते म्हणाले, जणू शासनाने त्यांच्यासाठीच मुहूर्त काढून दिले होते. "अभ्यासक्रम घरोघरी छापून येऊन राह्यला. आपन फक्त जेवाले जायाचं."

आणि खरोखर, त्या उन्हाळ्यात गुरुजी आणि दुर्गा एकही लग्न सोडेनात. नारायणभाऊच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर दोघं, दुर्गाच्या मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा. तिने पहिलं सबंध वाक्य वाचलं, ते पत्रिकेतलं सगळ्यात खालचं, लहान मुलांच्या नावचं: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' गुरुजींनी त्या ताईला घरी जाऊन सांगितलं की तुझं लग्न फार शैक्षणिक झालं.

आता प्रकरण.

गावातल्या गजाननचं लग्न, नवरीच्या गावी. वरातीच्या गाड्या सकाळीच गेल्या. आमची जीप शेवटची, कारण गुरुजींना पेटीतून पत्रिका निवडायच्या होत्या. मी मागे, डोक्याला स्कार्फ गुंडाळून पेंगत होते. जीपमध्ये बसल्यावर रस्ता डायवरचा, हा आमच्याकडचा अलिखित नियम. जीप किन्हीराजा गावात थांबली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "काहून रे नारायन, इंझोरी नोतं काय?"

"पत्रिका तुमी पाह्यली का मी?" नारायणभाऊ म्हणाला. म्हातारी कशाला पाहते पत्रिका?

मांडव झकास होता. नवरदेव लांब घोड्यावर, तोंडावर फुलांचा पडदा. पंगत समोर. लग्नात पोटाला ओळख लागत नाही. आलू-वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. आम्ही बसलो. मठ्ठ्याचं वर सांगितलंच आहे.

दुर्गा हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तीच पंगतीच्या मध्ये उभी राहिली. "गुरुजी, आपला नवरदेव गजानन ना जी?"

"हो, माय."

"मंग गेटावर संतोष काहून लिवला हाय?"

वाढप्याच्या पळीतली बुंदी हवेतच थांबली. माझा घास कुठे थांबला, ते सांगत नाही. मंडळी, त्या कमानीखालून दोन शिक्षक गेले होते. एकाने तीस वर्षं आख्ख्या तालुक्याला 'वाच बरं' म्हटलेलं, दुसरी डी. एड. दोघांनीही मान वर केली नव्हती. आमची नजर सरळ पुऱ्यांवर.

गुरुजी उष्ट्या हाताने उठले. "कोठी लिवलं? दाखव. वाच बरं."

दुर्गा कमानीसमोर उभी राहिली. बोर्ड उंच होता. तिने हवेतच बोट ठेवलं आणि एकेक अक्षर पकडत निघाली. "चि. संतोष... आणि... चि. सौ. कां. वर्षा... यांच्या शुभ... विवाहास... आपले..." पुढे 'हार्दिक' होता. बोट थांबलं. "हा... हार्... हार्दिक स्वागत."

तिने हे पाठ केलेलं नव्हतं. तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. एवढंच नव्हे, तिला ते खोटं असावं असं वाटत होतं, तरी तिने वाचलं.

गुरुजी मांडवाकडे वळून ओरडले, "वाचलं हो! पोरीनं वाचलं!"

नवरीचा बाप धावत आला. त्याला वाटलं काही पेटलं. सगळा प्रकार ऐकून तो पोट धरून हसला. "आलेच हा त जेवून जा जी. पाहुना पत्ता चुकला म्हून उपाशी जाते काय?" तेव्हा आम्ही परत बसलो. दुसरा मठ्ठा तो.

इंझोरीला पोचलो तेव्हा मांडवाचे दोर सुटत होते आणि गजानन आमच्याकडे अशा नजरेने पाहत होता की, मी अजून त्याच्या समोर जात नाही.

परतताना जीपमध्ये हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली होती. तेवढ्यात दुर्गाने विचारलं, "बाबा, तुमी पत्रिका वाचली नोती काय?"

नारायणभाऊने उगाच गिअर बदलला. मग म्हणाला, "दोन्हीवर लाल गनपती होता."

त्याच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेत सगळ्या लग्नांच्या पत्रिका खोचलेल्या असत, आणि तो त्या गणपतीच्या रंगावरून ओळखायचा. पिवळा असेल तर हे गाव, शेंदरी असेल तर ते. इतकी वर्षं कधी चुकला नव्हता. त्या दिवशी दोन गणपती एकाच रंगाचे निघाले.

जीप पुन्हा हसली. गुरुजी हसले नाहीत.

"नारायन, तुह्या चौथीच्या दाखल्यावर सही कोनाची हाय?"

"तुमचीच, गुरुजी. याच शाळेत होतो ना मी."

"तवा मी नवा होतो," गुरुजी म्हणाले. "वर ढकला म्हने, ढकललं. उंबरा मंग सुचला. तू गेल्यावर." त्यांनी हात वर करून झडपेतला गठ्ठा काढला आणि दुर्गाच्या मांडीवर ठेवला. "गाडी भरेपर्यंत स्टँडवर उभीच राह्यते. तवा बाबाले घेऊन बसत जाय. मारू नको फक्त."

फेरपरीक्षेला दुर्गाने उतारा वाचला. सावकाश, पण एकही अक्षर न टाकता. बाहेर नारायणभाऊ जीपचा आरसा पुसत होता, तो पुसून पुसून झिजायची वेळ आली. मी निकाल सांगितला, तर म्हणाला, "मंग सहावीची पुस्तकं कवा भेटतात?"

आता शाळेत येताच कोणी माझ्या नाकासमोर कागद धरत नाही. पेटी माझ्याकडे आहे. मी तीच उंबऱ्यावर ठेवते, तशीच पट्टी टाकते, पण खाली बसताना माझे गुडघे जे बोलतात, ते कोणत्याही पत्रिकेत छापता येणार नाही.

जूनअखेर गुरुजींचा निरोप समारंभ शाळेच्या व्हरांड्यात झाला होता. सगळं गाव आलं होतं. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. गुरुजींनी खिशात हात घातला आणि या वेळी जो कागद काढला तो स्वतःच्याच नाकासमोर धरला. चार ओळींचं भाषण, स्वतः लिहिलेलं. पहिली ओळ वाचली. दुसरीत 'माझी लेकरं' असे शब्द होते. तिथे आवाज गेला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शब्द काही निघेना. कोणाला काय करावं कळेना. मी पदर डोळ्याला लावलेला.

एवढ्यात मागून, जीपला टेकून उभ्या असलेल्या नारायणभाऊच्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, बोट ठेवा ना जी, बोट!"