थाळीमागचे भाऊजी

आमच्या भाऊजींएवढी मोठी सासुरवाडी आजवर कुणाच्याही वाट्याला आली नसेल. ताईचे यजमान म्हणून त्यांना भाऊजी म्हणायचा हक्क खरं तर माझा एकट्याचा. पण मी म्हणायचो म्हणून माझे मित्र म्हणू लागले, मित्रांचं ऐकून मिलमधले लोक म्हणू लागले, आणि बघता बघता सगळं हिंगणघाट त्यांचं मेव्हणं होऊन बसलं. सत्तरी ओलांडलेले म्हातारेसुद्धा रस्त्यात "काय भाऊजी" म्हणून हात वर करीत. ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर गायकांची नावं त्यांच्या पदव्यांसकट रंगवलेली असत आणि खाली सगळ्यांत जाड अक्षरांत 'रॉक ड्रमवर : भाऊजी' एवढंच असे. रॉक म्हणजे नेमकं काय, हे पोस्टर रंगवणाऱ्या पेंटरलाही ठाऊक नव्हतं आणि भाऊजींनाही नव्हतं. आम्हा चाहत्यांना मात्र पक्कं ठाऊक होतं. गाणं चालू असताना गाण्याकडे कुणाचं लक्ष जाऊ न देणं म्हणजे रॉक, आणि त्या कामात भाऊजींचा हात धरणारा अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नव्हता.

दिवसा ते मिलमध्ये मागावर असत. तिथल्या खडखडाटात बोलून उपयोग नाही म्हणून त्यांनी बोलणं बंद केलं असावं आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू करायचं राहून गेलं असावं. समोर माणूस आला की त्यांची मान जी खाली जाई, ती तो माणूस निघून गेल्यावरच वर येई. हात मात्र कधी गप्प नसत. ताईला पाहायला आले तेव्हा पोह्यांच्या बशीवर त्यांनी चमच्याने असा काही ठेका धरला की बाबांना वाटलं पोरगा घाबरला आहे, आणि आईला वाटलं पोहे गार झाले असं तो सुचवतो आहे. ती बिचारी दोनदा आत जाऊन गरम पोहे घेऊन आली. एवढ्या वेळात भाऊजींनी ताईकडे एकदाही नजर वर करून पाहिलं नाही. असला जावई नको, असं बाबांचं मत पडलं. पण ताईने आतल्या खोलीतून निकाल देऊन टाकला. "बाकीच्यायनं पाह्यलं तं म्हैस घ्याले आल्यावानी पाह्यलं. हा पाहूनच नाई राह्यला, तं हाच चालते मले."

लग्नात तर त्यांनी कमालच केली. वरात आमच्या गल्लीत शिरली आणि बॅन्डमधला ढोलवाला गाण्याच्या मागे पडू लागला. घोड्यावर बसलेले भाऊजी थोडा वेळ चुळबुळले, मग बाशिंगासकट खाली उतरले, ढोल स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि मांडवाच्या दारापर्यंत वाजवत आले. पाहुणे इतके नाचले की मुहूर्त टळायची वेळ आली. फोटोग्राफरने घोड्याचा फोटो आधीच ठरवून ठेवला होता, तो त्याने काढला. त्यात घोडा आहे, घोडेवाला आहे, करवलीही आहे, फक्त नवरदेव नाही. हार घालतानाच्या फोटोत नवरदेव आहे, पण मान खाली आणि वरून बाशिंग. जावई मिळाला की बॅन्डवाला, असं बाबा पुढे कित्येक वर्षं ज्याला-त्याला विचारत.

स्टेजवर ही मान खाली घालायची सोय त्यांनी पितळी थाळीने करून घेतली होती. ड्रमसेटच्या बाजूला स्टँडवर जी मोठी झांज बसवतात, तिला आमच्याकडे थाळीच म्हणत. इतर ड्रमर ती खाली, हाताशी लावतात. भाऊजी ती बरोबर तोंडासमोर लावत. समोरच्या हजारभर लोकांना वर उडणाऱ्या दोन काड्या, थाळी, आणि थाळीच्या वर थोडेसे कुरळे केस एवढंच दिसे, आणि तेवढ्यावर लोक शिट्ट्या मारून गळे बसवून घेत. कार्यक्रमाआधी भाऊजी मला जवळ बोलावून हळूच विचारीत, "तुही ताई कुठं बसून राह्यली?" कलाकारांच्या घरची माणसं स्टेजच्या कडेला पडद्याआड बसत. ताईला खुर्ची मिळवून द्यायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे ती आज डावीकडे की उजवीकडे ते मी सांगे. बायकोची काळजी करणारा माणूस म्हणून मला त्यांचं कौतुक वाटे. त्यानंतर ते थाळी लावायला बसत. बोटभर इकडे, बोटभर तिकडे, मग पुन्हा बसून पाहणं, पुन्हा उठणं. ऑर्केस्ट्राचा मालक घड्याळ पाहून हैराण होई.

या थाळी लावण्यावर आम्हा चाहत्यांचे आपसांत घनघोर वाद होत. त्यातला शेवटचा शब्द तळेगावच्या एका पानठेलेवाल्याचा असे. भाऊजींचा कार्यक्रम जिथे असेल तिथे हा गृहस्थ ठेला बंद करून हजर राही. त्याचं म्हणणं असं की थाळी वाऱ्याप्रमाणे लावावी लागते. वारा वेणा नदीकडून असला की भाऊजी ती डावीकडे वळवतात आणि वर्ध्याकडून असला की उजवीकडे, नाहीतर आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. हे त्याने इतक्या ठामपणे मांडलं होतं की आसपासच्या गावांतले नवशिके ड्रमर कार्यक्रमाआधी मूठभर धूळ हवेत उडवून बघू लागले. भाऊजींना कुणी याबद्दल विचारलं की ते मान खाली घालून "असं असते का" एवढंच म्हणत. मोठा माणूस आपली विद्या अशी सहजासहजी सांगत नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावला.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मालकाने नागपूरहून विजेवर चालणारी ड्रमची पेटी आणली. रबराच्या चौकोनांवर टिचकी मारली की ढोलापासून काच फुटल्यापर्यंत हवा तो आवाज निघे. मालक भाऊजींना ती कौतुकाने दाखवू लागला. भाऊजींनी एक टिचकी मारली, पेटी चारी बाजूंनी निरखली आणि म्हणाले, "याले थाली कुठं हाय?" थाळीचा आवाज पेटीतच आहे, असं मालकाने परोपरीने सांगितलं. भाऊजींनी काड्या पिशवीत घातल्या आणि घरी निघून आले. पुढच्या कार्यक्रमाला पेटी घरी राहिली आणि थाळी स्टेजवर आली.

असे हे आमचे भाऊजी एका उन्हाळ्यात मिलमधून घरी आले, पाणी मागितलं, आणि ताई पेला घेऊन येईपर्यंत मान खाली घालून गेलेसुद्धा. शेवटच्या कामातही त्यांनी फार बोलणं होऊ दिलं नाही.

गावाने श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरवला आणि हार घालायला फोटो हवा म्हणून घराघरांत शोध सुरू झाला. फोटो पुष्कळ निघाले. प्रत्येक चाहत्याने आपापला आणून दिला, आणि प्रत्येकात तीच थाळी, त्याच दोन काड्या आणि तेच कुरळे केस. मिलच्या पासवरचा फोटो होता, पण मिलने शिक्का नेमका तोंडावर मारलेला. लग्नाच्या अल्बममधून घोडा निघाला. शेवटी तळेगावच्या पानठेलेवाल्याचा फोटो सगळ्यांत स्पष्ट म्हणून मोठा करून आणला. त्यात थाळी इतकी स्वच्छ आली होती की तिच्यावर मंडपाच्या दिव्यांची माळ दिसत होती. सगळे म्हणाले, छान आला आहे. मला मात्र आतून फार वाईट वाटत होतं. गावाचं थाळीवर भागेल, पण ताईने उरलेला जन्म कुणाकडे बघून काढायचा?

अध्यक्ष म्हणून बोलावलेले पुढारी हार घेऊन फोटोसमोर उभे राहिले आणि माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "यात मयत कोनतं हाय?" मी थाळीकडे बोट दाखवलं. त्यांनी थाळीला हार घातला आणि भाषणात, भाऊजींचा हसरा चेहरा आपल्या डोळ्यांसमोरून कधीच जाणार नाही, असं सांगितलं. पानठेलेवाला वाऱ्याचं शास्त्र सांगायला उठला, पण त्याला ते पूर्ण करता आलं नाही. "आता वारा कुठूनबी येवो," एवढं म्हणून तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मग आम्हीही रडलो.

फोटो घरी आणला आणि मी ताईला म्हटलं, चेहऱ्याचा एकही मिळाला नाही ग. ताईने हार बाजूला करून काच पदराने पुसली.

"तो तळेगावचा वाऱ्याचं काय सांगून राह्यला होता?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती कितीतरी दिवसांनी हसली.

"अरे, वाऱ्याचा काय संबंध बापा? मी कुठं बसली ते तुले काऊन विचारत होते ते? थाली लोकायच्या अंगानं लावत, अन् माह्याकडची बाजू मोकळी ठेवत. पोहे खाताना पाह्यलं नाई, ते सारं तिथं पाहून घेतलं त्यायनं. वाजवता वाजवता माह्याकडं पाहेत, अन् हासत." मग हार पुन्हा सारखा करीत म्हणाली, "तुमच्यापाशी थालीच राहू द्या. चेहरा हाय माह्यापाशी."

तळेगावला मी हे कधी कळवलं नाही. तिकडचे नवशिके ड्रमर अजून धूळ उडवून बघतात म्हणे, आणि तेवढं भाऊजींचं नाव राहतं. फोटो ताईच्या बैठकीत लावलेला आहे. येणारे-जाणारे समोर उभे राहून हात जोडतात. ताई संध्याकाळी दिवा लावल्यावर कधीच त्याच्यासमोर उभी राहत नाही. फोटोतल्या त्या कार्यक्रमाला ती उजवीकडच्या पडद्याआड बसली होती. म्हणून ती भिंतीच्या कडेने उजवीकडे सरकते, दाराच्या चौकटीला टेकते, आणि थाळी आड येणार नाही अशा बेताने मान जराशी कलती करून बघत राहते.