सिल्लोडची एक खाट

ई-पाससाठी प्रवासाची कारणं मोजकीच मान्य होती. जवळच्या माणसाचा मृत्यू, जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण, आणि आणखी एकदोन. माझ्या पासवर दुसरं कारण छापलेलं होतं आणि साताऱ्याहून गाडी बाहेर काढताना मला त्याचंच हायसं वाटत होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेतला तो उन्हाळा. शकुअक्का, माझी थोरली बहीण, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कोविड केंद्रात होती. भाऊजींनाही लागण झालेली, पण सौम्य, म्हणून ते घरातच विलगीकरणात होते. मुलगी-जावई कॅनडात. जाण्यासारखा मीच उरलो होतो.

"लस एकच झालीय तुमची," बायको दारात म्हणाली. डबा मात्र तिनं दोन वेळचा दिला, कारण वाटेत काहीच उघडं नसणार होतं.

तसंच निघालं. पुणे मागं टाकल्यावर रस्त्यावरची हॉटेलं खुर्च्या उलट्या टाकून बंद. रांजणगावच्या पुढं मागून सायरन वाजला. पोलिसांची जीप आणि तिच्यामागे ऑक्सिजनचा टँकर. पुढचे ट्रक आपणहून कडेला झाले, मीही झालो. टँकर निघून गेल्यावरही आम्ही सगळे क्षणभर तसेच थांबून राहिलो. कायगावला गोदावरीचा पूल लागतो. खाली घाटावर दशक्रियेला आलेली माणसं होती. मुंडण केलेली, एकमेकांपासून लांब लांब बसलेली. मी गाडीचा वेग कमी केला आणि लगेच वाढवला.

शहराच्या नाक्यावर महापालिकेनं मांडव घातला होता. आत येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी सक्तीची. पीपीई किटमधली एक मुलगी म्हणाली, "मान वर करा काका, डोळे मिटा," आणि नाकात काडी गेली. निकाल येईपर्यंत ताडपत्रीखाली बसायचं. माझ्या शेजारी गंगापूरकडचा एक माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. त्याचं नाव पुकारलं गेलं आणि त्याला थेट पलीकडच्या बसमध्ये चढायला सांगितलं.

"अवं, मी नुसता डबा द्यायला आलो व्हतो," तो म्हणत होता. "लेकीचं बाळंतपण झालंय. तिला डबा द्यायचाय."

"डबा आम्ही पोचवतो. तुम्ही बसा."

तो बसला. बसच्या खिडकीतून त्यानं डब्याची पिशवी खाली दिली आणि पत्ता दोनदा सांगितला. माझा निकाल निगेटिव्ह आला. मी मान खाली घालून गाडीकडं गेलो.

गुलमंडीत इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. एरवी लग्नसराईत इथं पाय ठेवायला जागा नसते. भाऊजींचं कापडाचं दुकान खाली, घर वर. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेले, त्यावर 'प्रतिबंधित क्षेत्र' असा फलक. आत सोडण्यापूर्वी पोलिसानं माझा निकाल पाहिला. भाऊजी गॅलरीत आले. दाढी वाढलेली, आवाज खोल गेलेला.

"वसंता, वर येऊ नको रे बाबा. तिथूनच बोल."

त्यांनी दोरीनं एक पिशवी खाली सोडली. त्यात अक्काचा चष्मा होता, घाईत घरीच राहिलेला. शेजारच्या काकूंनी येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) करून दिली होती. अक्का तेवढीच मागत होती. माझी झोपायची सोय खाली दुकानात, कापडाच्या ठाणांमध्ये.

कोविड केंद्र म्हणजे एका कॉलेजचं वसतिगृह, सरकारनं ताब्यात घेतलेलं. फाटकाशी टेबल. त्यावर ठेवलेल्या वस्तूंवर फवारा मारून माणूस आत नेई. मी रस्त्यावर उभा राहून फोन लावला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत अक्का आली, हात हलवला.

"इतक्या लांब कशाला आलास? अन् मास्क नाकावर घे आधी."

मी मास्क वर केला. ती हसली, आणि हसता हसता खोकू लागली. बराच वेळ खोकत राहिली. मी खाली उभा. मधे फक्त एक फाटक आणि एक अंगण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या डॉक्टरांचा फोन आला. ऑक्सिजन उतरतोय, इथं ती सोय नाही, ऑक्सिजनची खाट लागेल. शहरात सगळीकडं भरलेलं होतं. मी खाटांचा हिशेब ठेवणाऱ्या सरकारी वॉर रूमला फोन करत बसलो. लागला की तिकडची बाई प्रत्येक वेळी न चिडता तेच सांगायची, "नाव घेतलंय काका, दिसली की कळवते." अखेर तिचाच फोन आला. "सिल्लोडला एक खाट दिसतेय. घ्यायची का?"

मी हो म्हणालो. शहरातल्या दवाखान्यांकडं खेड्यातून माणसं येतात एवढंच मला माहीत होतं. आम्ही उलटे निघालो होतो.

रुग्णवाहिकेचा चालक सलीम, चाळिशीतला. अक्काला ऑक्सिजनचा मास्क लावून आत ठेवलं आणि मी माझ्या गाडीतून मागं. जळगाव रस्ता तेव्हा रुंदीकरणासाठी उकरलेला होता. धुळीत पुढची रुग्णवाहिका दिसेनाशी होई, पुन्हा दिसे. प्रत्येक खड्ड्याला मला वाटे, आत अक्काला काय होत असेल.

सिल्लोडच्या त्या सरकारी केंद्रात पोचलो तर डॉक्टरबाई बाहेर आल्या. किटमुळं फक्त डोळे दिसत होते.

"खाट होती. तुम्ही वाटेत असताना एक पेशंट दारात कोसळला. मी त्याला घेतलं. न घेऊन कसं चाललं असतं?"

मी रुग्णवाहिकेकडं वळलो. त्या म्हणाल्या, "परत नेऊ नका, वाटेत त्रास होईल. गाडी सावलीत लावा. मी इथंच उपचार सुरू करते." त्या रुग्णवाहिकेत चढल्या, इंजेक्शन दिलं, अक्काला पालथं झोपवायला सांगितलं. सलीमचा फोन सारखा वाजत होता. कंट्रोल रूम त्याला परत बोलवत होती.

"साब, उधर भी पेशंट हैच," तो मला म्हणाला. "पन इनकू नीचे उतारके मैं कैसा जाऊं?" त्यानं सिलेंडरचा काटा पाहिला. मी त्याला पाण्याची बाटली पुढं केली. "रोजा है," तो म्हणाला आणि गाडीच्या सावलीत उकिडवा बसला.

आवारात लिंबाच्या झाडाखाली नातेवाईक बसले होते. मीही बसलो. शेजारी रामदास नावाचा पस्तिशीतला शेतकरी होता, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या गावचा. त्याचे वडील, ज्यांना तो दादा म्हणायचा, आत होते. आई गावात घरात अडकलेली, भाऊ तापानं पडलेला. शेतात मिरची तोडणीला आली होती आणि बाजार बंद होता.

"काल हात वर केला व्हता दादांनी, दारातून दिसलं," तो म्हणाला. "आज दार लावूनच हायेत."

माझ्याकडं बायकोच्या डब्यातल्या दशम्या उरल्या होत्या. आम्ही त्या अंतर ठेवून, पाठ फिरवून खाल्ल्या. त्यानं अक्काची चौकशी केली. मी सांगितलं, जागा नाही, थांबलोय. त्यानं बंद दाराकडं पाहिलं. कशाची वाट पाहतोय ते दोघांनाही कळत होतं. आतून रिकामी झाल्याशिवाय खाट कुठून येणार होती? मी त्याच्याकडं पाहायचं टाळू लागलो.

ऊन कलायला लागलं तेव्हा वॉर्डबॉय दारात आला आणि त्यानं रामदासच्या वडिलांचं नाव घेतलं. नुसतं नाव. रामदास उठला, दोन पावलं गेला आणि पायरीवर बसला. रडला नाही. डोक्याचा रुमाल सोडून तोंडावर धरला.

आत लगबग सुरू झाली. औषधाचा उग्र वास बाहेर आला. काही वेळानं डॉक्टरबाई दारात आल्या आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "आणा त्यांना."

मी हललोच नाही. पायरीवर रामदास बसलेला, तिथूनच स्ट्रेचर जायचं होतं. त्यानं मान वर केली.

"उभे का राह्यले? जा, घ्या अक्काला आत. शिलिंडरचा काटा खाली आला आसंल त्यो." आणि तो स्वतःच बाजूला सरकला.

सलीमनं आणि मी स्ट्रेचर उतरवलं. दाराशी वॉर्डबॉयनं ते आमच्या हातून घेतलं आणि दार लावलं. सलीमनं रामदासजवळ जाऊन हात छातीशी नेला आणि तो निघून गेला. त्याला पुढचा पेशंट होता.

नियमाप्रमाणं मृतदेह गावी नेता येत नव्हता. नगरपालिकेची माणसं सिल्लोडच्या स्मशानातच अंत्यविधी करणार, आणि किट घालून दोघांना येता येणार. रामदासबरोबर दुसरं कुणी नव्हतं.

"मी आलो तर चालेल?" मी विचारलं.

"या की," तो म्हणाला.

त्या किटमध्ये घामानं काही दिसत नव्हतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारभर मी ज्या गोष्टीची वाट पाहिली ती हीच होती, हे मात्र मला तिथं उभं असताना पुरतं कळलं. रामदासनं तोंड पाहायला मागितलं. नगरपालिकेच्या माणसानं इकडंतिकडं पाहिलं, चेन थोडी उघडली, आणि लगेच लावली.

अक्का त्या खाटेवर वाचली. घरी सोडलं तेव्हा ती इतकी हलकी झाली होती की तिला गाडीत बसवताना मला भीती वाटली. सिल्लोड सोडायच्या आधी तिनं विचारलं, "माझ्या आधी तिथं कोण होतं?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी तिकडं ने मला."

गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या, बाहेरच्यांना बंदी. मी फोन केला. रामदास आला, मुंडण केलेला. मागून त्याची आई आली. अक्का गाडीतून उतरू शकत नव्हती, म्हणून मी गाडी काट्यांच्या अगदी जवळ नेली. अक्का हात जोडून बसली होती. मग त्या बाईनं विचारलं,

"तुमी त्याच खाटंवर व्हत्या ना? कशी जागा व्हती वो ती?"

अक्कानं सावकाश, दम खात सांगितलं. कोपऱ्यातली खाट होती. खिडकी उंचावर, आभाळ दिसायचं. हाक मारली की सिस्टर यायची, रागवायची नाही.

"पंखा व्हता का?"

"होता. बरोबर डोक्यावर. जोरात चालायचा."

"मंग बरं," ती बाई म्हणाली. "त्यांना गरम लई व्हायचं." तिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवत राहिली.

अक्काला गुलमंडीत पोचवून मी साताऱ्याला परतलो. अंगणातच अंघोळ केली, चौदा दिवस मागच्या खोलीत राहिलो. बायको दाराबाहेर ताट ठेवून प्रवासाबद्दल विचारायची. मी नाके सांगितले, तपासण्या सांगितल्या, टँकर सांगितला. सरकारनं त्या दिवसांत पुष्कळ केलं आणि पुष्कळ पुरं पडलं नाही, हे मी वाटेवर पाहिलं होतं. पण दाराआडून सांगताना दरवेळी मी वेशीवर येऊन थांबायचो. आपला माणूस कशा जागी गेला, त्या बाईला एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगू शकणारं माणूस साऱ्या जगात एकच होतं. ते माणूस वाचलं होतं, तिच्या नवऱ्याच्या खाटेवर.