रुईच्या पानामागे

"पहिले पान पलटाई देख, मंग तोड!"

मी नोकरीला लागलो त्या वर्षी दर शनिवारी सकाळी आमच्या अमळनेरच्या कॉलेजमागे आबांचा हा आवाज ठरलेला. मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं न्यायला बायामाणसं यायची आणि प्रयोगशाळेतले शिपाई आबा वाटेत उभे. पानामागे खसखशीएवढं पांढरं अंडं दिसलं, की त्या पानाला हात लावू देत नसत.

"देवाच्या कामात आडवे येता का हो?" एक अक्का दर वेळी चिडायच्या.

"देवले पान पाहिजे, अक्का. अळी नही."

तुम्ही म्हणाल, असेल कोणी भूतदयेवाला म्हातारा. कसला! वीस-बावीस वर्षं याच हातांनी त्यांनी फुलपाखरं टाचण्या टोचून पेट्यांत बसवली होती. ती बघायला पार धुळ्याहून शाळांच्या सहली यायच्या. पोरं काचेला नाकं लावायची आणि आबा शेजारी नवरदेवाच्या बापासारखे मिरवायचे. कॉलेजमागची रुई त्यांनी राखली होती तीही पेट्यांसाठीच. तिच्यावर अळ्या वाढायच्या, केशरी फुलपाखरं आयती हाती लागायची.

आता माझा पराक्रम ऐका. मी ऑफिसात नवा क्लार्क, घर कपाशीवाल्यांचं. रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या दिसल्या आणि माझे हात शिवशिवले. शेतातून पंप आणला, कपाशीचं औषध मारलं आणि वर आबांना ऐटीत सांगितलं, "सगळं साफ केलं बघा!"

आबा झाडाखाली उकिडवे बसले. मेलेल्या अळ्या त्यांनी ओंजळीत गोळा केल्या. आता शिव्या पडणार, असं मला वाटलं.

"भाऊ, मी बी आख्खं आयुष्य हाईच करं," ते म्हणाले. "मन्हाकडे पंप नव्हता, टाचणी व्हती."

लाजेने मेलो हो मी.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. "तवलोंग आठेन पाखरू उडनं पाहिजे," तोवर इथून एक तरी फुलपाखरू उडवायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. प्राणिशास्त्राच्या सरांनी पेटीसाठी नवी फुलपाखरं मागितली, तर तोंडावर नाही म्हणाले. औषधाचा वास गेल्यावर पारोळ्याच्या रस्त्याने सायकलवर हिंडून अंडी असलेल्या फांद्या आणल्या. मागे सायकल हाणत मी. पहिल्या खेपेच्या अळ्या मुंग्यांनी नेल्या. दुसऱ्या खेपेच्या नुसत्याच मेल्या. "चाल, परत जाऊत," एवढंच म्हणायचे, आणि कॅरिअरला दोरी बांधायचे.

तिसऱ्या खेपेला एकच कोष धरला. निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये हार घेऊन सगळे खोळंबलेले आणि आबा रुईखाली. मी बोलवायला गेलो, तर त्यांनी हातानेच मला खाली बसवलं. कोष तडकला. ओले पंख वाळायला तासभर लागला असेल. मग ते केशरी फुलपाखरू कुंपणावरून निघून गेलं. आबा लहान मुलासारखे रडले, आणि मीही. हार घालायला आम्ही पोचलो तेव्हा चहा गार झाला होता.

दोन वर्षांनी आबा गेले. त्यानंतरच्या शनिवारी मला कॉलेजमागे जाववेना, तरी माळेसाठी पानं घ्यायला गेलो. मी हात पुढे केला, तोच शेजारून कोणी मनगट धरलं. त्याच, आबांवर दर वेळी चिडणाऱ्या अक्का.

"पहिले पान पलटाई देख, भाऊ."

मी पलटलं. मागे अंडं होतं. आम्ही दोघं दुसरं पान शोधू लागलो.