पहिल्या फेरीत पास

गुणवंत उपळेकर यांनी सांगितलेल्या पहिल्या भावात आयुष्यात कधी काही घेतलं नाही, आणि ही गोष्ट ते ओळख होताच सांगतात. दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत ते बावीस वर्षं खरेदी विभाग सांभाळतात. कंपनी शीतगृहांची पॅनेलं बनवते. फोम घ्यायचा असो की स्क्रू, उपळेकरांची पद्धत एकच. हवी ती वस्तू बघायची नाही, नको त्या वस्तूची चौकशी करायची आणि ‘राहू दे’ म्हणून उठायचं. दाराशी पोचायच्या आत विक्रेता हाक मारतो. घराजवळच्या, अल मनखूलच्या भाजीवाल्यावरही ते हाच प्रयोग करतात, त्या वेळी त्यांची पत्नी प्रमिला दोन दुकानं पलीकडे जाऊन उभी राहते.

कंपनीचे मालक धनंजय साठम यांनी नव्या आइस हॉकी लीगमधला एक संघ घेतला. लीग व्यावसायिक, पण खेळाडू हौशी लोकांतून उचलायचे होते: संध्याकाळी मॉलमधल्या बर्फावर खेळणारे कारकून, वेटर, कॉलेजची पोरं. सहा संघ, आळीपाळीने एकेक नाव घ्यायचं. याला ड्राफ्ट म्हणतात.

“उपळेकर, ही खरेदीच आहे,” साठम म्हणाले. “टीम नीट उभी करा. क्लबचे जनरल मॅनेजर तुम्हीच. दुबईत केबिन.”

आइस हॉकी म्हणजे गारठ्यात काठ्या घेऊन केलेली मारामारी, असं उपळेकरांचं मत होतं आणि ते बदललं नाही. केबिन मात्र त्यांना इतकी आवडली की तिच्यातला सोफा त्यांनी मनात दोनदा बदलून पाहिला. बावीस वर्षं खिडकी नसलेल्या खोलीत कोटेशनं चाळल्यावर माणसाला केबिन हवीशी वाटते, यात काही गैर नाही. ती आपल्या हुशारीमुळेच मिळणार, ही खात्री त्यांची स्वतःची.

संघाला सगळ्यात आधी गोलकीपर लागतो, आणि धड गोलकीपर देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक उपळेकरांच्याच कंपनीत डिस्पॅचला होता. वसईचा ग्लेन डाबरे. पूर्वी तो मॉलच्या रिंकवर भाड्याचे स्केट्स द्यायचा, तिथेच खेळ शिकला. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी तो खरेदी विभागात आला.

“सर, मला पहिल्या फेरीत घ्या. अल ऐनच्या टीमवाले विचारत होते.”

“अरे, तू रोज माझ्यासमोर पंच करतोस. पळून कुठे जाणार?”

“ड्राफ्टमध्ये त्यांनी नाव घेतलं की मी त्यांचा, सर. मला आपल्या माणसांत खेळायचंय.”

“घेतो रे. शेवटी शेवटी घेतो.” उपळेकरांनी डोळा मारला. “आपण घाई दाखवली की माल महाग होतो.”

“महाग कसा होणार, सर? सगळ्यांना पगार सेमच आहे.”

“तीन हजार दिरहम. म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या वर. ते बोलायचे आकडे असतात.”

घरी मुलगी इरा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, “बाबा, इट्स नॉट ॲन ऑक्शन. यू पास, यू लूज द टर्न.”

“तू अजून मार्केट बघितलं नाहीस,” उपळेकर म्हणाले.

ड्राफ्ट अल ऐनच्या एका हॉटेलात होता. लीगतर्फे तनया नावाची मुलगी संघांची नावं पुकारत होती. नियम तिने सुरुवातीलाच वाचून दाखवले, तेव्हा उपळेकर शेजारच्या टेबलावरचे समोसे न्याहाळत होते. त्यांची पाळी आली.

“पास,” ते म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

खोलीत कुजबुज झाली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. विक्रेते घाबरले की असाच होतो. पुढची पाळी अल ऐनची. त्यांच्या माणसाने ग्लेन डाबरेचं नाव घेतलं. मागच्या रांगेतून ग्लेन उठला. जाताना त्याने उपळेकरांकडे एकदा बघितलं. हात मिळवून टोपी घातली आणि अल ऐनच्या टेबलाशी बसला. टोपी त्याला बरोबर बसली.

उपळेकर विचलित झाले नाहीत. माल दुसऱ्याच्या गोदामात गेला, की दुसऱ्याला तो ठेवण्याचा खर्च पडतो. दुसऱ्या फेरीत ते पुन्हा म्हणाले, “पास.”

“थँक यू, सर,” तनया म्हणाली. “तुमचं झालं.”

“काय झालं?”

“दोनदा पास केलं की संघ ड्राफ्टमधून बाहेर. शेवटी जे उरतील ते तुमचे.”

“अहो मॅडम, आता तर बोलणी सुरू होतील ना.”

“कुणाशी, सर?”

उपळेकर उठले, कागद गोळा केले आणि दाराकडे निघाले, नेहमीपेक्षा हळू. कुणी हाक मारली नाही.

उरलेल्यांत गोलकीपर नव्हता. गाडीत बसल्यावर साठमांचा फोन आला.

“गोलमध्ये कोण?”

“बघतो साहेब. मार्केटमध्ये आहेत.”

“ग्लेन आपलाच होता ना?”

“त्याने भाव खाल्ला, साहेब.”

“मला तनयाने सांगितलं काय झालं ते. सोमवारी पर्चेसला बसा. फोमचं टेंडर पडलंय.”

क्लब चालवायला साठमांनी दुसरा माणूस नेमला. पहिल्या सामन्यात संघाने एका धिप्पाड बचावपटूला गोलमध्ये उभं केलं. ग्लेनच्या अल ऐनने त्याच्यावर अकरा गोल चढवले.

उपळेकर तो सामना बघायला गेले होते, कंपनीच्या पासवर. मध्यंतरात मराठी मंडळातल्या ओळखीच्यांनी त्यांना घेरलं.

“तो गोलकीपर आपला वसईचा ना हो?”

“माझ्याच हाताखालचा,” उपळेकर म्हणाले. “मीच सोडला त्याला. म्हटलं, जा बाबा, मोठा हो.”

प्रमिला शेजारीच होती. तिने पर्समधून शाल काढली, अंगाभोवती गुंडाळली आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.