नातवाची शाळा मी निवडली

आमच्या घरात मोठी गोष्ट कोण ठरवतो, हे गावात कोणाला विचारावं लागत नाही. जमीन कधी द्यायची ते मी ठरवलं, घराचं तोंड कुठल्या दिशेला करायचं ते मी ठरवलं. नातवाला होस्टेलच्या शाळेत घालायची वेळ आली तेव्हा शाळाही मीच निवडणार होतो. मी चौथीतून शाळा सोडलेली, हे सून तोंडावर बोलली नाही, पण तिच्या डोळ्यांत होतं. सोडली म्हणजे काय, गुरुजींनी चिंचेच्या फोकानं माझं बोट मोडलं, मी पाटी त्यांच्या कपाळावर मारली आणि दप्तर तिथंच टाकून मिठागरावर बापाकडं गेलो. बापानं दुसऱ्या हाताची बोटं सोलून काढली. मार खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही, हे मी असं शिकलो.

होस्टेलची वेळ का आली ते सांगतो. पनवेलजवळ, करंजाड्याच्या अंगाला आमचं गाव. मे महिन्यात भावकीत हळद होती. आमच्याकडं लग्नाला कोणी येवो न येवो, हळदीला सगळा गाव नाचायला येतो. माझा नातू तेरा वर्षांचा, आठवीत जाणारा. खालच्या आळीतल्या त्याच्याच वयाच्या पोरानं त्याला नाचताना मागं ढकललं आणि म्हणाला, "हो बाजूला, तुझा आजा बैल आनि तू गोऱ्हा." नातवानं लोखंडी खुर्ची उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. पोरगा पडला. पडल्यावर आणखी एकदा घातली. दुसरा घाव कानावर बसला. कान फाटून लोंबायला लागला. पोराच्या अंगाला हळद माखलेली, तिच्यावरून रक्त उतरलं. त्याची आई ओरडत आली आणि ओंजळीनं तो कान जागेवर धरून बसली.

मी काय केलं? सगळ्यांच्या देखत नातवाच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "वाघ हाय माझा." मला बैल बोलला होता ना तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराचे काका लोखंडी सळया घेऊन आमच्या दारात. गाडीच्या काचा फोडल्या, माझा मुलगा आडवा गेला तर त्याचा हात मोडला. मी कोयता घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. "एक पाय आत टाकलात तर तो पाय हितंच ऱ्हाईल." एकानं चौकटीला हात लावला. मी घाव घातला तो लाकडात रुतला. त्याची बोटं वाचली ती माझ्या मोतीबिंदूमुळं.

पोलिसात कोणी गेलं नाही. आमच्यात आधी गावकी बसते. देवळासमोर बैठक झाली. त्या पोराला त्या कानानं आता ऐकू येणार नाही, असं पनवेलच्या डॉक्टरनं सांगितल्याचं त्याचा बाप बोलला. निकाल असा, की माझा नातू दहावी होईपर्यंत गावात दिसता कामा नये. त्या पोराचा मोठा काका उठून म्हणाला, "दिसला तर कान नाय, मुंडी घेऊ." तो उगाच बोलणारा माणूस नाही.

सून म्हणाली, खारघरला माझ्या भावाकडे ठेवू. मी म्हटलं, "खारघरचा रस्ता त्यांना काय नकाशात शोधावा लागंल?" मग होस्टेल. सून रात्रंदिवस मोबाइलवर शाळा बघायची. कुठं घोडे, कुठं पोहायचा तलाव. मी म्हटलं, फोटो बघून बैलसुद्धा घेत नाय मी. चला, बघून येऊ.

पहिली शाळा डोंगरात. गार हवा, काचेचं ऑफिस. तिथल्या मॅडमना मी एकच विचारलं, "पोरं मारामारी करतात तवा काय करता?"

मॅडम हसल्या. "आजोबा, आमच्याकडे मारामारी होतच नाही."

शे-दोनशे पोरं एका छपराखाली आणि मारामारी नाही. मी उठलो. ज्याला घरात साप आहे हे माहीत नाही, त्याच्या घरी पोर ठेवायचं नसतं. एवढं मी बरोबर केलं.

दुसरी शाळा घाटाच्या पलीकडं. पोरं खांबासारखी रांगेत उभी. मिशीवाले वॉर्डन. तोच प्रश्न विचारला. त्यांनी भिंतीवरच्या छडीकडं बोट केलं. "एकदा होते. दुसऱ्यांदा होत नाही."

माझी छाती फुगली. म्हटलं, हीच. फॉर्मवर एक प्रश्न होता, मुलाच्या हातून पूर्वी काही घडलं आहे का. सून म्हणाली, "बाबा, निदान इथे तरी खरं लिहू द्या." मी मुलाला सांगितलं, "नाही असं लिही." घरची धुणी वेशीवर कोण धुतं? आमच्या माणसांना मोडलेली हाडं दाखवायची लाज वाटत नाही, पण चूक सांगायची वाटते.

परतताना मुलगा प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसलेला. गाडी सून चालवत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, मला तुमी पंपाच्या पट्ट्यानं मारायचात. आता याला मारायला मानसं शोधताय?"

"मारलं म्हनून मानूस झालास."

"झालो? परवा मीपन त्याला मारला. रडला नाय तो. हसला."

मी मागून त्याच्या थोबाडीत दिली. पंचेचाळिशीचा मुलगा. सुनेचा हात दचकला आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. जूनमध्ये नातवाला त्या छडीच्या शाळेत सोडला.

ऑगस्टात भेटीचा पहिला रविवार. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी घेऊन आम्ही गेलो. नातू होस्टेलच्या पायरीवर उभा होता. मला बघून त्यानं हात वर केला, या म्हणून. त्याच्या मागं पाचवी-सहावीतली आठ-दहा पोरं होती. त्याचा हात वर गेला तशी त्या सगळ्यांनी माना खांद्यात ओढल्या. एकानं दोन्ही तळव्यांनी कान झाकले.

मी चाळीस वर्षं शर्यतीचे बैल पाळले. बैल घेताना शिंगं, खूर, दात सगळं मागाहून. आधी त्याच्यासमोर उभं राहून हात वर करायचा. बैल मान काढून घेतो का बघायचं. घेत असेल तर विकणारा कितीही गोड बोलो, त्या दावणीला खिळ्याची काठी आहे असं समजायचं. ही परीक्षा मी दर बैलाला केली. शाळा घेताना केली नाही. शाळेत मी छडी बघितली, पोरं बघितलीच नाहीत.

वॉर्डन खुशीत होते. "तुमचा नातू हिरा आहे. आता मला छडी उचलावी लागत नाही, लाइन तोच सांभाळतो."

नातवानं कमरेचा पट्टा काढून मुठीला गुंडाळून दाखवला, बक्कल वर. "आजोबा, बगा. एकपन आवाज करत नाय. तुमी बोल्लेलात ना, वाघ हाय म्हनून."

कान झाकणाऱ्या पोराला मी जवळ घेतलं. त्याचा एक कान सुजून काळा पडलेला. म्हटलं, "कोनी मारलं?"

"पडलो, आजोबा."

मार खाणारं पोर पडतंच. मोडलेलं बोट आईला दाखवताना मीही हेच बोललो होतो.

मी नातवाला म्हटलं, "सामान भर."

"नाय येनार. हितं मी मोठा हाय. गावात माझी मुंडी काढतील."

मी दंड धरला. त्यानं हिसका मारला आणि पट्टा फिरवला. बक्कल माझ्या भुवईवर बसलं. डोळ्यात रक्त आलं, धड काही दिसेना. आवाज मात्र ऐकला, छडीचा. वॉर्डननं नातवाच्या मानेवर काढली, मग पाठीवर, मग पोटऱ्यांवर. पोरगा खाली बसला तरी थांबेनात. मी आंधळ्यासारखा पुढं गेलो, छडी हिसकली आणि त्यांना दोन ठेवून दिल्या. याची मला लाज नाही. वॉचमननी आम्हाला गेटाबाहेर ढकललं आणि पत्र्याची पेटी मागून फेकली. कपडे रस्त्यावर पसरले.

सुनेनं बाटलीतल्या पाण्यानं माझी भुवई धुतली. म्हणाली, "आता मी निवडते."

मी रस्त्यावरचे कपडे गोळा करून पेटीत भरले. डोळा सुजला होता.

तिची शाळा मे महिन्यातच बघून ठेवलेली होती, मला सांगायची छाती झाली नव्हती. सिमेंटचे पत्रे, शेणानं सारवलेलं अंगण, पांढऱ्या केसांच्या मुख्याध्यापक बाई. मी आत शिरताच माझा प्रश्न टाकला. मारामारी?

"परवाच झाली," बाई म्हणाल्या. "एकाचा दात पडला. ज्यानं पाडला तो रोज त्याला भात कालवून मऊ करून देतोय. बोलावू?"

दोघं आले. मी एकदम हात वर केला. माना जागच्या हलल्या नाहीत. दात पडलेला म्हणाला, "काय हवंय आजोबा? पंखा लावू?"

ते गेल्यावर बाईंनी माझ्या भुवईकडं बघितलं, नातवाच्या मानेवरच्या वळाकडं बघितलं. "ह्यानं काय केलंय?"

मुलगा जमिनीकडं बघायला लागला. सुनेनं माझ्याकडं बघितलं. खोटं बोललो असतो तर बाईंनी कदाचित घेतलाही असता. पण मग त्या मऊ भातवाल्याच्या शेजारी हा झोपणार होता, आणि बाईंना माहीत नसणार होतं. मी सांगितलं. खुर्ची सांगितली, दोन घाव सांगितले, कान सांगितला, मी दिलेली थाप सांगितली. पट्टाही सांगितला. सांगून झाल्यावर बाईंनी मला माठातलं पाणी दिलं.

मग त्यांनी नातवाला विचारलं, "आजोबा बोलले ते खरं?"

तो म्हणाला, "दोन नाय. तीन. तिसरा कोनी बगितला नाय."

असा सरळ बोलला, की माझा हात आपोआप वर गेला. त्यानं मान काढून घेतली नाही. मुठी आवळून पुढं आला. बाई मधे उभ्या राहिल्या. म्हातारी बाई, माझ्या खांद्याएवढी.

"हा राहील," त्या म्हणाल्या. "आईवडिलांनी दर रविवारी यायचं. तुम्ही दिवाळीपर्यंत गेटाच्या आत यायचं नाही."

"मी आजा हाय त्याचा."

"म्हणूनच."

मला इतकं तोडून कोणी बोललेलं नाही, आणि बोललेला माणूस असा धडधाकट घरी गेलेला नाही. मी बाईंना एवढंच म्हटलं, "खोलीत जोडीदार कोनता देताय त्याला?" त्या म्हणाल्या, मोठा देते, आधी. मी बाहेर आलो.

मी कमी शिकलेलो असलो तरी ऐकलेलं नीट लक्षात ठेवतो. बाई म्हणाल्या गेटाच्या आत नाही. बाहेरचं त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा दर रविवारी मी गाडीत बसून जातो. ती दोघं आत जातात, मी गाडीत. वॉचमन पहिल्या रविवारी मला हटवायला आला आणि मग आलाच नाही.

गेल्या रविवारी सून बाहेर आली. म्हणाली, त्यानं परत एकाला मारलं. नाकातून रक्त काढलं. पण स्वतः बाईंकडे जाऊन सांगितलं, कोणी विचारायच्या आधी.

"किती घाव?" मी विचारलं.

"एक."

"आनि मग?"

"मग थांबला म्हणे. आता तो त्या मुलाचे कपडे धुतोय."

मी काच खाली केली. आतून पोरांचा ओरडा येत होता. खेळाचा का मारामारीचा, ते बाहेरून कळत नाही.